सैल लगाम

मला बघायला आले तेव्हा त्याच्या आत्याने मला चालायला सांगितलं होतं. सांगलीला, आमच्या बाहेरच्या खोलीत, पोह्यांच्या बश्या अजून हातात होत्या तेव्हाच. "जरा दारापर्यंत जाऊन ये गं, उगीच आपलं." उगीच कसलं डोंबलाचं, मुलगी लंगडत नाही ना ते बघायचं होतं. मी एम.एस्सी. झालेली, माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि मी जागची हलले नाही. तेव्हा हा उठला. "आधी मी चालून दाखवतो," म्हणाला, आणि ताठ मानेने दारापर्यंत गेला, वळला, परत येऊन माझ्यासमोर पाय जुळवून उभा राहिला. आत्याबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. मला हसू आवरेना. लग्नाला मी होकार दिला तो त्या फेरीमुळे. तो घोड्यावर बसतो हे मला नंतर समजलं, आणि किती बसतो हे तर लग्न झाल्यावरच.

त्यांच्या घरात घोड्याशी कुणाचा संबंध नव्हता. सासरे पोस्टात होते. घरात घोडा होता तो बुद्धिबळाच्या डब्यात, आणि त्याचाही कान तुटलेला. वर्दीची नोकरी लागल्यावर, तसा उशिराच, हा पहिल्यांदा खोगिरावर बसला. आमचं लग्न झालं त्या वर्षी तो तीन दिवसांच्या स्पर्धेत देशात पहिला आलेला होता, आणि पुढे आणखी एकदा आला. ही स्पर्धा म्हणजे काय, ते मी माहेरी असं समजावून सांगायची: पहिला दिवस दाखवण्याच्या कार्यक्रमाचा. घोड्याने शिस्तीत चालायचं, गोल फिरायचं, सांगितलं तिथे थांबायचं. दुसरा दिवस रानातला. भरधाव सुटायचं, ओंडक्यांवरून, खड्ड्यांवरून, पाण्यात उडी घालायची. हाडं मोडतात ती या दिवशी. आणि तिसऱ्या दिवशी, सगळं अंग ठणकत असताना, रंगीत दांड्यांवरून उड्या मारायच्या आणि एकही दांडी पाडायची नाही. तिन्ही दिवस घोडा तोच आणि स्वारही तोच. "म्हणजे संसारच की गं," आई म्हणाली होती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही लखनौला आलो. त्याच्या युनिटची पागा छावणीत होती आणि मला एका संशोधन संस्थेत नोकरी मिळाली होती, म्हणून महानगर नावाच्या वस्तीत, कपूरथळा चौकातल्या बाजाराजवळ, वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालकीण आंटीजी राहायच्या. थंडीत लखनौला धुकं असं पडतं की समोरचं फाटक दिसत नाही. तशा धुक्यात हा पहाटे मफलर गुंडाळून स्कूटरला किक मारायचा, आणि त्या आवाजाने गल्ली उठायची. आंटीजी मला म्हणायच्या, "आपके साहब की शादी तो घोड़ी से हुई है, बहूजी। आप तो सौतन ठहरीं।" मी म्हणायची, हाँ आंटीजी, और मायके का सारा सामान मेरे यहाँ पड़ा है। कारण गॅलरीत घोड्याची पांघरुणं वाळत असायची आणि न्हाणीघरात खोगिराचा साबण.

तर ही घोडी. तांबडी, उंच, आणि चावरी. दुसरीकडून कुणालाच नको म्हणून इकडे पाठवलेली. पहिल्याच आठवड्यात ती याच्या दंडाला कडाडून चावली, आणि हा हळद लावून घेताना इतका खूश की मला वाटलं याला तापच भरलाय. "जीव आहे तिच्यात," म्हणाला. घरात आम्ही तिला बाईसाहेब म्हणायचो. बाईसाहेबांना गूळ चालायचा नाही, साखर चालायची नाही, फक्त रेवडी लागायची, तीही गुलाबपाण्याची. तिच्यावर बसूनच तो दुसऱ्यांदा देशात पहिला आला. त्या दिवशी आमची मुलगी तिच्या पाठीवर बसून मैदानभर फिरली. लेक तेव्हा जेमतेम बालवाडीत होती. मराठी सगळं समजायचं, पण बोलायची हिंदी.

घोडी सरकारी होती, ही गोष्ट मला फार दिवस नीट कळलीच नव्हती. म्हणजे काय, तर जोवर काम होतंय तोवर चंदी, खरारा, डॉक्टर, सगळं वेळच्या वेळी. लंगडी झाली, म्हातारी झाली, की अधिकाऱ्यांचं मंडळ बसणार आणि तिला निकाली काढणार. निकाली काढणं हा त्यांचा शब्द. मारणं असं कुणी म्हणत नसे. एकच वाट होती. परदेशातून पदक घेऊन आलेल्या घोड्याला कधीमधी मरेपर्यंत चरायला सोडत असत. हे त्याने मला एकदा मटार सोलता सोलता सांगितलं. त्या हिवाळ्यात परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी निवड व्हायची होती, चाचणी लखनौलाच होती, आणि बाईसाहेबांचं वय बघता ही शेवटची संधी होती. त्याला परदेशात देशासाठी उतरायचं होतं, गेली कित्येक वर्षं तेवढं एकच हवं होतं. आणि तो पदक घेऊन आला असता तर घोडीला म्हातारपण मिळालं असतं. एका चाचणीवर एवढं सगळं टांगलेलं. तेव्हापासून मला मटार सोलताना बोललेलं आवडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी, उड्यांच्या आधी, एक परीक्षा असते. आदल्या दिवशीच्या रानातून घोडा धड आला आहे की नाही, ते बघतात. स्वाराने खाली उतरून, सुटाबुटात, घोड्याला हाताने धरून पंचांसमोरून दुडक्या चालीने पळवत न्यायचं, वळायचं आणि परत आणायचं. लंगडणारा घोडा दुखरा पाय टेकला की मान वर उडवतो. त्यावरून कळतं. म्हणून नियम असा की लगाम सैल हवा. मान मोकळी सोडायची, लपवायचं नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग यायचा. मला माझी सांगलीची बाहेरची खोली आठवायची. पण लेकीला त्याचा खेळच झाला होता. संध्याकाळी खालच्या अंगणात ती घोडी व्हायची. माझ्या जुन्या ओढणीचं एक टोक ती हनुवटीखाली मुठीत धरायची, दुसरं याच्या हातात. फाटकापासून जिन्यापर्यंत दोघं दुडक्या चालीने पळत यायची. मी गॅलरीत पंच. ती पाय जुळवून, मान वर करून माझ्याकडे बघायची, आणि मी जरा विचार केल्यासारखं करून ओरडायची, "पास!" ओढणी ताणली गेली की तीच बापाला रागवायची, "पापा, ढीला छोड़ो। चीटिंग नहीं।" तिला त्यानेच शिकवलं होतं.

चाचणी आली. पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी रानात बाईसाहेब अशा धावल्या की मला, म्हणजे घोडा पुढून कुठला आणि मागून कुठला एवढंच कळणाऱ्या बाईलासुद्धा, जागचं हलवेना. पाण्यातून बाहेर आली तेव्हा तिच्या छातीवरून पाणी निथळत होतं आणि हा वरती, तोंड चिखलाने भरलेलं, हसत होता. त्या दिवसअखेर तो सगळ्यांच्या पुढे होता. उरल्या होत्या त्या रंगीत दांड्या, आणि दांडी पाडणं बाईसाहेबांच्या स्वभावात नव्हतं. मी येताना कपूरथळ्यावरून गाजराचा हलवा घेतला. घोडामैदान जवळच होतं, आणि मी आधीच वाट्या मांडून बसले होते.

तो जेवायच्या वेळेला आला. हात लाल झालेले, गार पाण्यात राहून राहून. हलव्याकडे बघितलंही नाही. "डावा पुढचा पाय," म्हणाला. "नळीच्या मागे ऊब लागतेय हाताला."

"म्हणजे?"

"म्हणजे शीर दुखावलीय. थोडी असेल. डॉक्टरला पण नीट सांगता येत नाहीये."

त्याचे वरिष्ठ त्याच्यापाठोपाठच आले होते, मोटारीतून. मनाने चांगला माणूस, याच्यावर जीव होता त्यांचा. दारातच उभं राहून बोलले. "देखो यार, दो मिनट की बात है। लगाम छोटी पकड़ना, ठोड़ी के पास। सिर हिलेगा नहीं तो दिखेगा क्या? फिर जंप कराओ और छह महीने आराम दो। इतना तो सब करते हैं।" हा "जी सर" म्हणाला. तो "जी सर" म्हणाला की त्याचा अर्थ काहीही असू शकतो, हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बरोबर तर सांगतायत. धर घट्ट."

"उडीवरून उतरताना सगळं वजन त्याच पायावर येतं."

"आणि नाही झालं काही त्या पायाला, तर?"

"तिला दुखलं तरी ती थांबणार नाही गं. मी सांगितलं तर मोडक्या पायावर पण उडी घेईल. तिला नाही कळत म्हणून मला कळायला नको?" मग गार पडलेले हात चोळत म्हणाला, "आत्ता आराम दिला तर भरून येईल. पुढच्या वर्षी अजून एक चाचणी असेल."

पुढच्या वर्षीचं त्याचं त्यालाही पटलं नव्हतं. पण त्याच्या चेहऱ्याकडे बघून मी हलव्याच्या वाट्या झाकून ठेवल्या. मी असते तर घट्ट धरलं असतं, आजही धरेन. माझी भूमिका मी लपवत नाही.

सकाळी ऊन जरा उशिरानेच पडलं. मैदानाच्या कडेच्या सडकेवर पंच ओव्हरकोट घालून उभे होते, चहाचे ग्लास हातात. लेकीला मी कडेला दोरीजवळ उभं केलं होतं. बाईसाहेबांच्या आयाळीच्या बारीक वेण्या घातलेल्या, अंग चकाकत होतं. त्यांना असल्या दिवसांची सवय होती. पंचांसमोर आल्या, चारही पाय चौकोनात जुळवले, कान पुढे केले आणि उभ्या राहिल्या, बघा काय बघायचं ते, अशा. मग हा तिला घेऊन पळत निघाला. जाताना काही कळलं नाही. वळून परत येताना मी घोडीकडे बघतच नव्हते, त्याच्या हाताकडे बघत होते. हात लांब होता. लगाम मध्ये एवढा सैल लोंबत होता की त्यातून कुणी दोरीवरची उडी मारावी. आणि डावा पाय टेकला की घोडीची मान वर उडत होती. अगदी थोडी. पण उडत होती.

घोडी थांबली, पाय जुळवले. त्या शांततेत माझी लेक जिवाच्या आकांताने ओरडली, "पास!"

सगळे हसले. एक पंचही हसला. मग त्यांनी डोकी एकत्र केली, घोडीला बाजूला घेऊन पाय दाबून बघितला, पुन्हा एकदा पळवायला लावली. पुन्हा तसाच लांब हात. आणि मग त्या हसणाऱ्या पंचानेच नकाराची मान हलवली. याने टोपी काढली, घोडीच्या मानेवर थोपटलं आणि तिला घेऊन गेला. वरिष्ठ आमच्याकडे न बघता मोटारीकडे निघून गेले. लेक माझा पदर ओढत होती. "पर मम्मा, मैंने तो पास बोला था।" मी तिला म्हटलं, हो बाळा, बोललीस तू.

परदेशात दुसरे गेले आणि रिकाम्या हातांनी आले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. इकडे बाईसाहेबांना गार पाणी, पट्ट्या, लेप, सगळं चालू होतं. होळीपर्यंत सूज उतरली. तो तिला हाताने चालवायला लागला, नुसतं चालवायला, आणि घरी येऊन एखाद्या बाळंतिणीबद्दल सांगावं तसं सांगायचा, आज एवढं चालली, आज एवढं खाल्लं. मग एक दिवस दुडक्या चालीवर आणून बघितलं आणि मान उडाली. पुन्हा आराम. पुन्हा तेच. पुढचा हिवाळा आला, चाचणी झाली, ती पागेतच होती. शिरेची दुखापत त्याला वाटली होती त्याहून खोलवर गेली होती.

मंडळाची बातमी आली तेव्हा तो धावपळीला लागला. ज्या माणसाने स्वतःच्या बढतीसाठी कधी कुणाचं दार वाजवलं नव्हतं, तो इस्त्रीची वर्दी घालून दारोदार हिंडला. शिंगरं घ्यायला ठेवा म्हणाला, तर वय झालंय. पोरांना शिकवायला ठेवा, तर लंगडी आहे. मला विकत द्या, माझ्या खर्चाने कुठेतरी ठेवतो, तर तसा नियम नाही. गोमती नगरला तेव्हा मोकळे प्लॉट होते, गवत माजलेले. ते बघून तो स्कूटर थांबवायचा आणि उगीच बघत उभा राहायचा. एका साहेबांनी त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि हसत म्हणाले, "लँगड़ी तो आप ही ने साबित करवाई थी, जनाब। सबके सामने।" त्याने हे मला जसंच्या तसं सांगितलं. मी त्या रात्री त्याच्याशी भांडले. त्या साहेबाशी भांडता येत नव्हतं म्हणून याच्याशी. म्हटलं, कुठे गेला तुझा सैल लगाम? घट्ट धरला असतास तर आज ती परदेशातलं पदक गळ्यात घालून गवत खात असती. तो म्हणाला, "किंवा मैदानातच मोडली असती." मी म्हटलं, मग निदान पळत असताना गेली असती.

ऐन जूनमध्ये ती तारीख आली. त्याला रजा घेता आली असती, सगळ्यांनी घे म्हणून सांगितलं. त्याने घेतली नाही. आदल्या संध्याकाळी कपूरथळ्याच्या दुकानात रेवडी मागितली, तर दुकानदार म्हणाला, "गर्मी में रेवड़ी, साहब?" आणि आत जाऊन जुन्या डब्यातून शोधून दिली. दुसऱ्या दिवशी हा दुपारी घरी आला. आंघोळ केली, पानावर बसला, आमटी-भात कालवला. मी तूप वाढलं. तोच म्हणाला, "तिला समोर आणून उभं केलं ना, तर तिने पाय जुळवले. कान पुढे केले. तिला वाटलं, बघायला आलेत."

एवढंच. पुन्हा कधी त्याने हा विषय काढला नाही. मी ताटावरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून रडले. लेकीला सांगितलं की बाईसाहेब गावाला गेल्या. कौन से गाँव, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने माझ्या माहेरचं नाव सांगितलं. त्याने घोड्यावर बसणं सोडलं. अर्ज करून टेबलावरचं काम मागून घेतलं. बूट माळ्यावर गेले. पहाटे स्कूटरचा आवाज येईना तेव्हा आंटीजींनी मला विचारलं, साहब की तबीयत तो ठीक है? मी म्हटलं, जी, ठीक है.

शाळा सुरू झाल्या. लेकीला नवे बूट घेतले होते आणि पहिल्याच दिवशी ते चावले. टाचेला हा एवढा फोड. संध्याकाळी तो जिन्यावर पेपर घेऊन बसला होता, तेव्हा ती ओढणी घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली. कित्येक महिन्यांत तो खेळ झाला नव्हता. "पापा, दौड़ाओ ना।" त्याने वर गॅलरीत माझ्याकडे बघितलं. मग तो उठला आणि दोघं फाटकाशी गेली.

ती निघाली ती लंगडतच. नव्या बुटांचा तोरा होता, ते काढायला तयार नव्हती, आणि फोड दुखत होता. पाय टेकला की मान वर. टेकला की वर. याने ते पहिल्या दोन पावलांतच बघितलं असणार, त्याचं आयुष्यच त्यात गेलं होतं. मी वरून बघत होते. त्याचा हात ओढणीवरून पुढे पुढे सरकत गेला, तिच्या हनुवटीपर्यंत, आणि तिथे त्याने ओढणी घट्ट धरली. मान हलेना.

"पापा, ढीला छोड़ो!" ती पळता पळता ओरडली. "ढीला रखते हैं ना! चीटिंग नहीं!"

त्याने सोडली नाही. जिन्यापाशी पोचेपर्यंत मला धीर धरवला नाही. मी गॅलरीतूनच ओरडले, "पास!"

"अभी तो मैं रुकी भी नहीं, मम्मा।"

"पास," मी म्हटलं. "पास, पास."

तिने तरीही शिस्तीत पाय जुळवले आणि मान वर केली. तो खाली पायरीवर बसला, तिचा पाय मांडीवर घेतला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. ती त्याच्या केसांशी खेळत होती, त्यामुळे तिला त्याचं तोंड दिसलं नाही. बूट हातात धरून तो रडत होता, लग्नानंतर पहिल्यांदाच. मी खोबरेल तेलाची बाटली घेऊन खाली गेले.